‘आधी पार्सल बांधा’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

क्राउडफंडिंगच्या, म्हणजे पुस्तक काढण्यासाठी अनेकांकडून थोडे थोडे पैसे आगाऊ जमवण्याच्या, मोहिमा लावणाऱ्यांमध्ये हातोहात फिरणारा तो एकपानी तक्ता तुम्ही केलेला आहे, हे बहुतेकांना ठाऊक नाही. नाव छापलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून नाव न घेताच आभार मानतो. तक्त्याचा पहिलाच रकाना ‘पार्सलचं वजन’ का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. हे उघडं पत्र त्यांच्यासाठीही आहे.

मोहीम म्हटली की लोक व्हिडिओपासून सुरुवात करतात. तुम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढायला लावता. पुस्तक, खोका, बबल रॅप, चिकटपट्टी हे सगळं खरोखर बांधायचं, वजन करायचं, कुरियरवाल्याला मुंबईचा, नागपूरचा आणि गुवाहाटीचा दर विचारायचा. लक्ष्य किती ठेवायचं हे त्यानंतर. तुमचं नमुन्याचं गणित इथे पुन्हा मांडतो. पुस्तकासाठी माणशी ३५० रुपये घ्यायचे. त्यातून डिजिटल छपाई ११०, पार्सलची बांधणावळ १२, कुरियर ६०, आणि मोहिमेचं संकेतस्थळ व पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) यांचं शुल्क मिळून साधारण ८ टक्के, म्हणजे २८. गेले २१०, उरले १४०. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ असा, प्रती कितीही काढल्या तरी न बदलणारा, खर्च ४२,००० असेल तर ३०० माणसं लागतात आणि लक्ष्य होतं १,०५,००० रुपये. आता कुरियरचे ६० विसरून बघा. माणशी २०० उरल्यासारखे वाटतात, २१० माणसं पुरतील असं दिसतं, लक्ष्य ७३,५०० वर येतं. ते पूर्णही होतं, पेढे वाटले जातात, आणि पार्सलं पाठवताना १२,६०० रुपये खिशातून जातात. मोहीम यशस्वी आणि माणूस कर्जात, असा हा प्रकार.

कपाचंही तसंच. पुस्तकाबरोबर छापील कप द्यायचा मोह प्रत्येकाला होतो. सगळं मिळून वजन भरतं जेमतेम ७०० ग्रॅम, पण कप फुटू नये म्हणून खोका लागतो २५ × २० × १२ सेंटिमीटरचा. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून ५,००० ने भागतात आणि खरं वजन व हा आकडा यांत जे जास्त त्याचे पैसे लावतात. इथे तो येतो १.२ किलो. टी-शर्टची तर वेगळीच कटकट: पाच मापं, दोन रंग, म्हणजे दहा गठ्ठे, आणि मागणारे तीस. म्हणून तुमच्या तक्त्यात पैसे देणाऱ्यांना पाठवायच्या भेटींचे चारच प्रकार बसतात. पाचव्याला जागाच ठेवलेली नाही, हे आम्हाला फार आवडतं.

ज्यांना हे सगळं कंजूषपणाचं वाटतं त्यांना आम्ही कूलेस्ट कूलरचं उदाहरण देतो. ही बर्फपेटी २०१३ च्या हिवाळ्यात किकस्टार्टर या अमेरिकी क्राउडफंडिंग संकेतस्थळावर आली तेव्हा १,२५,००० डॉलरचं लक्ष्य गाठू शकली नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात लक्ष्य ५०,००० वर आणून ती पुन्हा मांडली, तर १ कोटी ३२ लाख डॉलरच्या वर जमले, ६२,००० हून जास्त लोकांकडून. थंडीत बर्फपेटी कोण घेणार, हा धडा त्यात आहेच. पण पेटी बनवायला आणि पोचवायला घेतलेल्या किमतीहून जास्त खर्च येत गेला, २०१९ मध्ये कंपनी बंद पडली आणि हजारो लोकांना पेटी मिळालीच नाही. रकाना पहिला, वजनाचा!

दुसरा रकाना नावांचा. ३०० माणसं हवी असतील तर पहिल्या दोन दिवसांत ९० यायला हवीत, हा तुमचा ठोकताळा. किकस्टार्टरची आकडेवारी पाहिली तरी अपयशी मोहिमांतल्या बहुतेक लक्ष्याच्या वीस टक्क्यांच्या आतच अडकलेल्या दिसतात. रिकाम्या खानावळीत कुणी शिरत नाही. ९० हवी असतील तर २७० नावं आधी लिहून काढायची, कारण ‘नक्की देतो’ म्हणणाऱ्या तिघांतला एक देतो असंच धरून चालायचं. प्रत्येकाला वेगळा निरोप किंवा फोन. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेला संदेश तुम्ही मोजतच नाही. मुदत तीस दिवसांची. किकस्टार्टर साठ दिवस देतं, पण तेही तीस किंवा त्याहून कमीच सुचवतं, कारण मुदत वाढली की लोक ‘बघू नंतर’ म्हणतात. मधले दोन आठवडे थंडच जातात. तेव्हा दाखवायला नमुन्याची पानं, मुखपृष्ठाचा कच्चा आराखडा असं काहीतरी आधीच राखून ठेवायचं.

आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीत पुस्तकं नोंदवायची रीत जुनीच, त्यामुळे मराठी वाचकाला आगाऊ पैसे देणं नवं नाही. त्याला तारीख पाळलेली हवी असते. छापखान्याने सांगितलेल्या तारखेत दोन महिने घालून मगच ती जाहीर करा, ही तुमची सूचना दिवाळी अंकांच्या हंगामात तर तीन महिन्यांची करावी असं आमचं मत आहे.

आणि ज्या भेटीचं वजन शून्य, ती विसरू नका असं तुम्ही तळटिपेत लिहिलं आहे: देणाऱ्याचं नाव. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी जोसेफ पुलित्झरने ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या आपल्या वृत्तपत्रातून पैसे गोळा केले, तेव्हा अगदी काही सेंट देणाऱ्याचंही नाव छापलं. पाचेक महिन्यांत लाखाहून जास्त डॉलर जमले, बहुतेक एका डॉलरच्या आतल्या रकमांचे. नाव छापताना स्पेलिंग आणि ऱ्हस्वदीर्घ मात्र देणाऱ्याकडूनच तपासून घ्यावं.

तक्त्यात आम्ही एक रकाना वाढवला आहे: पत्ता चुकल्यामुळे परत येणारी पार्सलं. शंभराला तीन धरली आहेत, जायचा-यायचा दोन्ही खर्च लावून. कमी वाटत असतील तर कळवा, पुढची प्रत काढायच्या आत सुधारतो.

तुमचे,
तक्ता वापरणारे