माई पडल्या आणि मी भिंग शोधलं

साखरपा,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय सुमे,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही ठीक. माझं बीपी गोळीवर, श्रीकांतची साखर होती तिथेच.

मागच्या मंगळवारी माई अंगणात घसरल्या. घाबरू नकोस, हाड शाबूत आहे, घोटा तेवढा सुजलाय. त्यांना उचलून पडवीत बसवलं, श्रीकांत गाडी काढायला धावला, आणि मी काय करावं? आतून भिंग आणलं आणि त्या जिथे घसरल्या तिथे उकिडवी बसले. माई पडवीतून म्हणाल्या, "अगं, मी इकडे आहे."

आता हे इथे कुणाला सांगू? श्रीकांत चार दिवस धड बोलत नव्हता. तुला सांगितलं की तू आधी हसशील आणि मग विचारशील, "काय होतं तिथे?" म्हणून लिहितेय.

सांगते. जूनमध्ये कामाच्या बाईंना मीच बजावलं होतं, की विहिरीकडच्या बाजूला खराटा मारू नका, ब्लिचिंग पावडर तर नकोच. कारण तिथे रिक्सिया आलाय! आपलं लिव्हरवर्ट गं, मॉसच्या भावकीतलं, ना मूळ ना फूल. आठ आण्याच्या नाण्याएवढी हिरवी चकती मातीला चिकटलेली, प्रत्येक फांदीला पुढे दोन फाटे, त्यांना पुन्हा दोन, आणि मधून पन्हळीसारखी खाच. तीस वर्षं या घरात राहून मी त्याला शेवाळ म्हणत आले. बीएस्सी बॉटनी, आणि शेवाळ! मग सुटलेच. विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर, जिथे ऊन कधी पोचत नाही, तिथे पिवळसर हिरवं, कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ काहीतरी आहे. वाकून एका विशिष्ट कोनातून पाहिलं की चमकतं. सायथोडियम, तेही लिव्हरवर्टच, दुसरं काय! स्वतःचा उजेड नाही त्याला, पडेल तेवढा परत फेकतं. आंब्याच्या सालीवर तर पानांचे लिव्हरवर्ट आहेत. दोन रांगांत एकावर एक कौलं रचावीत तशी पानं, पण पानाला मधली शीर नाही. मॉसला बहुधा असते, ही खूण सरांनी घोटून घेतली होती. यकृतका म्हणायचे ते, आणि मागच्या बाकावरून तू "कलेजी" म्हणायचीस.

हो, आणि १९९३ च्या प्रॅक्टिकलला स्पॉटिंगच्या वेळी, नमुना बघून नाव लिहायचं तेव्हा, तू कुजबुजलीस "मार्कँशिया", मी लिहिलं मार्कँशिया, आणि निघालं प्लॅजिओकॅस्मा, दुसरंच लिव्हरवर्ट. माझे दोन मार्क गेले. तू स्वतः मात्र बरोबर लिहिलंस! अजून विसरलेले नाही.

तर माई ज्यावर घसरल्या ते मी पाहिलं. ते रिक्सिया नव्हतं. काळपट हिरवा, जेलीसारखा लिबलिबीत थर होता, नॉस्टॉकचा, म्हणजे निळ्या-हिरव्या शैवालाचा. रिक्सियाला मूळ नसलं तरी खालून केसांसारखे मूलाभ मातीला धरून असतात. म्हणजे माझी पोरं निर्दोष! श्रीकांतला हे मी गाडीत सांगितलं. काय ती वेळ होती गं सांगायची. आणि खरं सांगायचं तर निर्दोष कोण? खराटा बंद केला मी. तो मारला असता तर नॉस्टॉकही गेला असता. रात्री हेच डोक्यात फिरतं. माई काही बोलत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो.

घरच्यांचं ठरलंय, चाकरमानी यायच्या आत सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक. पुण्याचे दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, शेवाळासाठी भांडतेस?" मी म्हटलं, लाहोरच्या शिवराम कश्यपांनी १९२९ मध्ये लिव्हरवर्टांवर अख्खा ग्रंथ काढला, हिमालय पालथा घालून. ते म्हणाले, त्यांच्या सासूबाई पडल्या होत्या का? आता यावर काय बोलणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की दिवाळीपर्यंत थांबा. रिक्सियाला मार्कँशियासारख्या छत्र्या नसतात, बीजाणूंचं बोंड देठावर वर येत नाही. ते थॅलसच्या, म्हणजे त्या चपट्या हिरव्या अंगाच्या, पोटातच पिकतं, काळे ठिपके दिसतात, आणि थॅलस कुजला की बीजाणू मातीत मोकळे होतात. आत्ता खरवडलं तर पुढच्या पावसाचं बियाणंच गेलं. काल तह झाला, अर्धामुर्धा. दारापासून न्हाणीपर्यंत आणि तुळशीभोवती रोज खराटा, तिथल्या चिऱ्यांना पाट्यासारखी टाकी लावून खरखरीत करायचं. विहिरीकडे कुणी जायचं नाही, माईंनी तर नाहीच. तिथे ना खत, ना साबणाचं पाणी, फक्त वरचा पालापाचोळा मी हाताने उचलणार. खताच्या कुंडीत मार्कँशिया माजतो, पण या जमिनीवरच्यांना उपाशी राहिलेलंच मानवतं असं मला दिसतंय. खताने गवत आणि मॉस वाढतात आणि यांना झाकून टाकतात. पेव्हरवाला सोमवारी माप घ्यायला येतोय तो येतोच आहे. विहिरीची बाजू मापातून वगळायला श्रीकांत "बघू" म्हणालाय. त्याचं "बघू" तुला माहीत आहे.

रोहनचं लग्न ठरल्याचं कळलं, खूप आनंद झाला, मुलगी कुठली ते लिही. तुझा गुडघा कसा आहे? दादांच्या वेळी मला यायला जमलं नाही, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही, भेटल्यावर बोलू.

सोबत हळदीकुंकवाच्या कागदाची पुडी आहे. मे महिन्यात आंबा घाटात दरडीवरून काढलेल्या काळ्या, सुरळी झालेल्या दोऱ्या आहेत त्यात. मला टार्जिओनिया वाटतोय, असंच एक लिव्हरवर्ट. बशीत ठेव, वर चमचाभर पाणी घाल आणि चहा होईपर्यंत थांब. कडा उलगडून हिरवं झालं तर फांदीच्या टोकाखाली शिंपल्यासारखं काळं काही दिसतं का ते बघ आणि नाव कळव. या वेळी खरं सांग.

तुझी,
विजू