गोंदिया–बल्लारशा मार्गावर जादा गाडी मागताना

मा. संपादक,
स. न.

गोंदिया–बल्लारशा मार्गावर जादा पॅसेंजर गाड्या हव्यात, ही मागणी अगदी रास्त आहे. पण निवेदनात नुसते गाडीचे नाव आणि सुटण्याची वेळ लिहिली, तर ‘मार्गाची क्षमता नाही’ एवढ्या शेऱ्यावर ते निकाली निघू शकते. म्हणून ही क्षमता ठरते कशी, ते मागणाऱ्यांना ठाऊक हवे.

मार्ग २४० किलोमीटरचा, एकेरी. दोन स्थानकांमधल्या ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. सगळ्यांत जास्त वेळ खाणारा सेक्शन घ्या. समजा, तिथे सावकाश गाडीला १८ मिनिटे लागतात आणि ब्लॉक घेण्या-देण्यात, म्हणजे गाडी सोडायची परवानगी पुढच्या स्थानकाकडून घेण्यात, ५ मिनिटे जातात. दिवसाची १४४० मिनिटे भागिले २३, म्हणजे ६२. त्यातले ७० टक्केच धरतात, कारण रुळांच्या देखभालीला आणि उशिरा धावणाऱ्या गाड्यांना वेळ सोडावा लागतो. उरल्या ४३ गाड्या. त्याही दोन्ही दिशांच्या मिळून, मालगाड्यांसकट. बाकीचे सेक्शन कितीही मोकळे असोत, आकडा या एकावरच ठरतो.

पण वेळ वाया जातो तो क्रॉसिंगमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या दोन गाड्या स्थानकात एकमेकींना वाट देतात तेव्हा. दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम आत घेण्याची सोय जिथे नाही, तिथे पहिली गाडी ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने लूप लाईनवर, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, घेतात. ती पूर्ण आत येऊन थांबली, काटे फिरले, की मग दुसरीला स्थानकात घेणारा होम सिग्नल मिळतो. तोवर दुसरी गाडी आउटरला, म्हणजे स्थानकाबाहेरच, उभी. एका क्रॉसिंगला दहा मिनिटे धरली, तरी चार क्रॉसिंगमध्ये चाळीस मिनिटे गेली. स्टार्टरपुढे (स्थानकातून निघण्याच्या सिग्नलपुढे) १२० मीटरचा ओव्हरलॅप, म्हणजे गाडी चुकून पुढे गेलीच तर मोकळा असलेला रूळ, किंवा सँड हम्प, म्हणजे तिला अडवणारा वाळूचा ढीग, आणि लूप लाईन मेन लाईनपासून अलग ठेवणारी काट्यांची रचना केली, तर दोन्ही गाड्या एकाच वेळी आत येतात. दुहेरीकरणाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. दुहेरीकरणाला एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. ते पूर्ण व्हायला वर्षे लागतील, तोवर प्रवाशांनी थांबायचे का?

दुसरा प्रश्न रेकचा, म्हणजे गाडीच्या जोडलेल्या डब्यांच्या संचाचा. नवा रेक मागण्यापेक्षा दुपारी रिकामा उभा राहणारा मेमू (विजेवरच्या, लोकलसारख्या गाडीचा) रेक शोधून त्याची एक फेरी वाढवणे सोपे. मेमूला दोन्ही टोकांना केबिन असते, इंजिन फिरवावे लागत नाही. मात्र पाणी भरणे, देखभालीची पाळी आणि लोको पायलटच्या ड्युटीचे तास त्या फेरीत बसले पाहिजेत. ते बसले नाहीत, तर गाडी कागदावर सुरू होते आणि वरचेवर रद्द होते.

तेव्हा निवेदनात चार गोष्टी लिहाव्यात: कोणता रेक, कोणत्या दोन गाड्यांमधला वेळ, क्रॉसिंग कोणत्या स्थानकांवर, आणि गाडी रात्री कुठे उभी राहणार. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल यांपैकी कुठे दोन गाड्या एकदम घेता येतात आणि कुठे नाही, ही यादी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाने पुढच्या वेळापत्रकाआधी जाहीर करावी, अशी आमची विनंती आहे.

– काही निवृत्त रेल्वे कर्मचारी,
नागभीड, जि. चंद्रपूर