महामार्गावरचा मुक्काम आधी कोणाचा?

प्रति,
संपादक,

महोदय,

राज्यात कॅराव्हॅन पर्यटन, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतून होणारे पर्यटन, वाढावे, त्यासाठी महामार्गांलगत कॅराव्हॅनचे तळ उभारावेत, अशी सूचना अलीकडे वरचेवर वाचनात येते आणि तिच्या जोडीला अमेरिकेचा दाखला हटकून दिला जातो. गेल्या उन्हाळ्यात मुलाच्या कुटुंबासोबत अशा एका तळावर मी स्वतः मुक्काम केला आहे आणि त्याआधीची एकतीस वर्षे एसटी महामंडळात, त्यातही बराच काळ वाहतूक निरीक्षक म्हणून, गाड्यांच्या व माणसांच्या मुक्कामांची आखणी करण्यातच गेली आहेत. त्यामुळे त्या दाखल्यातला जो भाग सहसा सांगायचा राहून जातो, तो मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शिकागोजवळून अठ्ठावीस फुटांची आरव्ही (तिकडची कॅराव्हॅन), म्हणजे चाकांवरचे घरच, भाड्याने घेऊन आम्ही आंतरराज्य महामार्ग क्रमांक ८० ने पश्चिमेकडे निघालो होतो. १९५६ च्या कायद्यानुसार उभारलेल्या या महामार्गांच्या हद्दीत, काही जुने अपवाद सोडले तर, उपाहारगृह किंवा पेट्रोलपंप चालवता येत नाही. सरकारी विश्रांतीस्थळावर स्वच्छतागृह, बाके आणि फार तर नाणी टाकून खाऊ मिळणारे यंत्र असते. त्यामुळे डिझेल, जेवण, आंघोळ आणि झोप ही सगळी सोय महामार्गावरून खाली उतरताच लागणाऱ्या खासगी ट्रक स्टॉपवर असते. आयोवा राज्यातील वॉलकॉट येथे १९६४ पासून चालू असलेल्या 'आयोवा ८०' या ट्रक स्टॉपवर आम्ही दुपारी थांबलो. तेथे सुमारे ९०० ट्रक उभे राहू शकतात, चालकांसाठी केशकर्तनालय आहे, दंतवैद्य आहे, शेजारी जुन्या ट्रकांचे संग्रहालयही आहे. दाढदुखी घेऊन आठ-आठ दिवस गाडी हाकणारे चालक मी नोकरीत पाहिलेले असल्याने त्या दंतवैद्याच्या पाटीपुढे मी जरा जास्तच वेळ रेंगाळलो.

रात्रीचा मुक्काम नेब्रास्का राज्यात, लिंकन शहराच्या पुढे, अशाच एका लहान ट्रक स्टॉपवर होता. त्याच्या मागच्या अंगाला आरव्हींसाठी पंधरा-वीस जागांचा तळ होता. प्रत्येक जागेजवळ विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि मैल्याची टाकी रिकामी करण्यासाठी जमिनीत झाकणाचे तोंड होते. (हातमोजे घालून जाड नळीने ते काम करणाऱ्या आपल्या संगणक अभियंता मुलाकडे पाहून त्याच्या आईला काय वाटले, ते येथे लिहीत नाही.) भाडे एका रात्रीला ४५ डॉलर होते आणि ते आम्ही आधीच भरलेले होते.

चूक आमच्याकडून झाली ती तळावर जाण्यापूर्वी. संध्याकाळचे सात वाजले होते, तिकडच्या उन्हाळ्यात तेव्हा चांगले ऊन असते. आधी जेवून घेऊ, मग मागे जाऊ, असे म्हणून आम्ही ट्रकांच्या रांगेत दिसलेल्या एकुलत्या एका रिकाम्या जागी गाडी लावली. नातवंडे उतरतात न उतरतात तोच दारावर टकटक झाली. बाहेर पगडी घातलेला, लुधियानाकडचा एक तरुण चालक उभा होता. मला पाहून तो हिंदीत, "अंकलजी, तुमची जागा मागे आहे, ही आमची," असे हळू आवाजात म्हणाला आणि हातातला फोनएवढा पडदा त्याने माझ्यापुढे धरला. त्यावर १९ मिनिटे उरलेली दिसत होती. त्याच्या त्रेपन्न फुटी शीतट्रेलरमध्ये फ्रेस्नोहून शिकागोला जाणारी फळे होती आणि त्या मिनिटांत त्याला गाडी उभी करणे भाग होते.

अमेरिकेत मालवाहू ट्रकच्या चालकाला सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या कालावधीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते आणि ८ तास चालवून झाल्यावर अर्ध्या तासाची विश्रांती घ्यावीच लागते. बहुतेक ट्रकांवर डिसेंबर २०१७ पासून हे तास इलेक्ट्रॉनिक यंत्रच नोंदवते, तेथे वहीत खाडाखोड चालत नाही. वेळ संपली आणि जागा मिळाली नाही, तर चालक महामार्गावरून उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला, धोका पत्करून उभा राहतो. २००९ मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यात दुधाचा ट्रक घेऊन वेळेआधी पोहोचलेला एक चालक सुरक्षित जागा नसल्याने बंद पडलेल्या पंपावर थांबला आणि लुटारूंच्या गोळीला बळी पडला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा 'जेसन्स लॉ' २०१२ मध्ये संमत झाला, ट्रकांच्या थांब्यांसाठी केंद्राचा निधी वापरण्याची वाट त्याने मोकळी केली आणि जागांची मोजणीही बंधनकारक केली. २०१९ च्या पाहणीत देशभरात सुमारे ३,१३,००० जागा मोजल्या गेल्या, तरीही ९८ टक्के चालकांनी सुरक्षित जागा मिळण्यात अडचण येते असेच सांगितले. आम्ही अडवलेली जागा त्यातलीच एक होती. आम्ही मुकाट्याने गाडी काढली.

रात्री झोप अशी लागली नाही. शीतट्रेलरची यंत्रे पहाटेपर्यंत घरघरत होती, मध्येच एखाद्या गाडीचे हवेचे ब्रेक फुस्स करून सुटत होते आणि डिझेलचा वास खिडकीच्या जाळीतून आत येत होता. पुढच्या इमारतीतल्या ध्वनिक्षेपकावरून "स्नानगृह क्रमांक सात तयार आहे" अशा घोषणा होत. ठरावीक डिझेल भरणाऱ्या चालकाला ती आंघोळ फुकट असते आणि पर्यटकाला पैसे मोजावे लागतात. हा क्रम मला फार आवडला.

आमच्या खात्यात 'मुक्कामी गाडी' असते. संध्याकाळी गावात पोहोचायचे आणि पहाटे साडेपाचला दुधाचे कॅन व कॉलेजची मुले घेऊन तालुक्याला परतायचे. चालक-वाहक कधी देवळाच्या सभामंडपात, कधी गाडीतच दोन बाकांमध्ये पथारी टाकून झोपत. तक्त्यात आम्ही 'रात्रवस्ती' एवढेच लिहीत असू. ती कशावर होते याचा रकाना त्यात नव्हता, आणि तो मीही कधी मागितला नाही. वास्तविक नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाप्रमाणे कामगारांना जेथे रात्री थांबावे लागे तेथे विश्रांतीगृह देणे मालकावर बंधनकारक होते. मात्र तो अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता, आणि आपल्याकडे एक-दोन ट्रकांचे मालक भरपूर आहेत. त्यांचा चालक केबिनमध्ये, नाही तर ढाब्याच्या बाजेवर झोपतो आणि ढाबा बंद असला तर गाडी रस्त्याच्या कडेलाच लावतो.

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून संपूर्ण खुला आहे, तेव्हा अशा तळांची मागणी वाढणार हे उघड आहे आणि माझा तिला विरोध नाही. एवढेच सुचवायचे आहे की, महामार्गालगतच्या कोणत्याही कॅराव्हॅन तळाला मंजुरी देताना त्याच आवारात ट्रकांसाठी किती जागा, किती न्हाणीघरे आणि झोपण्याची काय सोय आहे, हे आधी तपासावे. दोन्हींची प्रवेशद्वारे वेगळी ठेवावीत. आणि ट्रकच्या जागेत लावलेली कॅराव्हॅन, ती आमच्यासारख्या जेवायला उतरलेल्या कुटुंबाची असली तरी, लगेच हलवायला लावण्याचा अधिकार तेथील व्यवस्थापकाला लेखी द्यावा.

आपला,
एक निवृत्त वाहतूक निरीक्षक, सातारा