तक्रार : पुढचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत, मागचा पावसात बंद

कोल्हापूर
दि. २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा आणि उत्पादन विकास विभाग

विषय : आपल्या कंपनीच्या सायकल दिव्यांच्या सेटमधील दोष, नाकारलेली वॉरंटी आणि दिव्यांच्या रचनेबाबत

महोदय,

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये कामाला आहे. सेकंड शिफ्ट सुटली की सायकलने कसबा बावड्याला घरी येतो. सांगली फाटा, हायवेचा सर्व्हिस रोड, पंचगंगेचा पूल आणि मग शहर असा माझा रस्ता. या रस्त्यावर रात्री दिव्याशिवाय सायकल चालवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, म्हणून यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मी आपला पुढच्या-मागच्या दिव्यांचा सेट राजारामपुरीतल्या दुकानातून घेतला. बिलाची प्रत आणि बॉक्सचे फोटो सोबत जोडले आहेत.

मागचा दिवा जुलैच्या पावसातच बंद पडला. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत ‘वॉटरप्रूफ’ छापलंय, म्हणून मी निर्धास्त सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या माणसाने माझ्यासमोर दिवा उघडला. चार्जिंगच्या पिना हिरव्या पडल्या होत्या आणि सर्किटवर पाण्याचे डाग होते. त्याने तो परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “आत पाणी गेलंय, हे वॉरंटीत बसत नाही.” पाणी जात नाही म्हणून जो दिवा तुम्ही विकता, तोच पाणी गेलं म्हणून वॉरंटीतून बाहेर काढता. याचं लेखी उत्तर मला हवं आहे.

पाणी आत कसं गेलं तेही सांगतो. सायकलच्या मागच्या चाकाचं पाणी खालून वर उडतं, आणि तुम्ही चार्जिंगचं भोक नेमकं दिव्याच्या खालच्या अंगाला ठेवलंय. त्यावर नखाएवढं रबराचं झाकण आहे, तेही चार-दोनदा उघडलं की सैल होतं. बॉक्सवर आयपी रेटिंगचा, म्हणजे धूळ-पाणी किती रोखलं जातं त्याचा, आकडा कुठेच नाही. आयपीएक्स४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी सोसणारं, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडवलं तरी टिकणारं, एवढं ठरलेलं असताना नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिण्याला काही अर्थ नाही. कोल्हापुरातला पाऊस तुम्हाला माहीत नसेल असं मी मानत नाही, कारण इथल्या दुकानांत तुमचा माल भरपूर येतो.

याहून गंभीर गोष्ट रिफ्लेक्टरची आहे. तुमच्या माहितीपत्रकात चित्र काढून दाखवलंय की मागचा लाल रिफ्लेक्टर काढायचा आणि त्या जागी दिवा बसवायचा. दुकानदाराने तसंच केलं. त्यामुळे दिवा बंद पडला तेव्हा माझ्या सायकलला मागून लाल असं काहीच उरलं नव्हतं. रिफ्लेक्टरला बॅटरी लागत नाही, तो पावसात बिघडत नाही, मागच्या गाडीचा उजेड पडला की चमकतो. तो काढायला सांगणारं चित्र छापताना तुमच्याकडे कोणी एक मिनिटही विचार केला नाही का? रिफ्लेक्टर दिव्याच्या लाल काचेतच बसवता येतो, बाहेर कित्येक दिव्यांत तो असतोच. हे चित्र आजच्या आज बदला, आणि ज्यांनी सेट घेतलाय त्यांना दुकानांमार्फत कळवा.

आता पुढच्या दिव्याबद्दल. तो अजून चालू आहे, पण त्याचा त्रास समोरून येणाऱ्याला होतो. बॉक्सवर ‘१००० ल्युमेन’ आहे. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो. तो रस्त्यावर किती पडतो, हे त्यावरून कळत नाही. मी सायकल कंपनीच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी करून पाहिली. भिंतीवर गोल डाग उमटला, मधे पांढराशुभ्र, कडेला फिकट, आणि त्याचा वरचा अर्धा भाग माझ्या डोक्याच्याही वर. म्हणजे ही सरळसरळ टॉर्च आहे. पुलावर समोरचा मोटारसायकलवाला डिपर मारतो, हात डोळ्यांवर धरतो आणि त्याच वेळी माझ्या बाजूला सरकतो. दिवा खाली वाकवला तर चाकापुढे दोन-तीन मीटरवर नुसता डबक्याएवढा उजेड पडतो. ताशी १८ किलोमीटरने चाललो तरी सायकल सेकंदाला पाच मीटर जाते. खड्डा दिसेपर्यंत चाक खड्ड्यात गेलेलं असतं. हिवाळ्यात नदीवर धुकं असलं की वर गेलेला तोच उजेड परत माझ्याच डोळ्यांवर येतो.

यावर उपाय नवा शोधायचा नाहीये. मोटारींच्या डिपरच्या उजेडाची वरची कड जशी कापलेली असते, म्हणजे ठरावीक उंचीच्या वर तो जात नाही, तशी सायकलच्या दिव्यालाही देता येते. जर्मनीत तसा नियमच आहे : दिव्यापासून १० मीटरवर सर्वांत उजेडाच्या जागी किमान १० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) पडले पाहिजेत, आणि वरच्या बाजूला जाणाऱ्या उजेडावर मर्यादा आहे. तिथे १००० ल्युमेनची फुशारकी लागत नाही. कमी उजेड नीट रस्त्यावर टाकला की पुढचं जास्त दिसतं, आणि बॅटरीही जास्त टिकते. हे काम काचेच्या आणि दिव्याच्या आतल्या चकचकीत वाटीच्या आकाराचं आहे. मी रोज ड्रॉइंग बघून जॉब काढणारा माणूस आहे, डाय, म्हणजे साचा, एकदा नीट केली की पुढे प्रत्येक नगाला वेगळा खर्च येत नाही, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

क्लॅम्पचंही तेच. आमच्या साध्या सायकलच्या हँडलचा पाइप बावीस मिलिमीटरच्या आसपास असतो. तुमचा क्लॅम्प स्पोर्ट्स सायकलच्या जाड हँडलसाठी केलाय. शेवटपर्यंत आवळला तरी तो फिरतो आणि खड्ड्यात आदळला की दिवा मान टाकतो. मी मधे जुन्या ट्यूबचा तुकडा घालून तो बसवलाय. मागे कॅरिअर असतो, त्यावर डब्याची पिशवी असते, आणि सीटच्या दांड्यावर बसवलेला दिवा त्या पिशवीमागे झाकला जातो. कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर बोल्टने बसणारा दिवा द्या. तुमच्या बॉक्सवर हेल्मेटवाला रेसर आहे. इथे रात्री आणि पहाटे सायकलवर असतात ते शिफ्टचे कामगार, वॉचमन, दूध आणि पेपर टाकणारी मुलं. दिव्याची गरज आम्हाला सर्वांत जास्त आहे, आणि सेट बनवताना आमचाच विचार केलेला नाही.

मागच्या दिव्याचा स्थिर मोड इतका मंद आहे की तो असून नसल्यासारखा, आणि झगझगीत मोड इतका वेगाने लुकलुकतो की मागच्याला अंतराचा अंदाज येत नाही. ब्रिटनमध्ये सायकलच्या लुकलुकत्या दिव्याला २००५ पासून परवानगी आहे, पण मिनिटाला ६० ते २४० वेळा एवढीच. जर्मनीत तर असा दिवा चालतच नाही. आता उसाचा हंगाम सुरू झालाय. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर आहेत, त्यांना वळसा घालून येणाऱ्या गाडीला मी पुढे आहे हे एका नजरेत कळायला हवं. त्यासाठी ठळक, स्थिर लाल दिवा हवा, आणि फाट्यावर आडव्या येणाऱ्यालाही दिसेल अशी बाजूंना पारदर्शक खिडकी हवी. एसओएस मोडचा, म्हणजे संकटात मदतीची खूण देणाऱ्या लुकलुकीचा, सायकलवर उपयोग काय, हे मला खरंच समजलेलं नाही. एकाच बटणाने सगळे मोड फिरत राहतात, त्यामुळे उजेड कमी करायला गेलो की मधे दिवा बंद होतो, तोही भर पुलावर. बॅटरी संपत आल्याची खूणही नाही.

माझी मागणी अशी. दोन्ही दिव्यांची पूर्ण किंमत परत द्यावी. त्याच प्रकारचा दुसरा सेट मला नको आहे. बॉक्सवरचा ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द काढून तपासणीचा आयपी आकडा छापावा. रिफ्लेक्टर काढण्याची सूचना मागे घ्यावी. आणि पुढच्या दिव्याच्या काचेबाबत काय करणार, हे तुमच्या डिझाइन विभागाने लेखी कळवावं. नवा नमुना तयार झाला तर शिरोलीच्या रस्त्यावर तो वापरून बघायला आणि जे दिसेल ते कळवायला मी तयार आहे. आमच्या शिफ्टमधले आणखी काही सायकलवालेही तयार आहेत.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सदोष माल आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर दाद मागेन. बंद पडलेला दिवा, उघडलेल्या सर्किटचे फोटो आणि माहितीपत्रक मी जपून ठेवलं आहे.

आपला,
एक ग्राहक
कसबा बावडा, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, बॉक्सचे, माहितीपत्रकाचे आणि भिंतीवरच्या उजेडाचे फोटो