गणपतीला आम्ही काकांकडे जातोय

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मधेच फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. यंदा गणपतीला आम्ही तिघं चिपळूणला काकांकडे जातोय, एसटीचं बुकिंग झालंय. आधी एक रात्र कराडला तुमच्याकडे, मग कुंभार्ली घाटातून पुढे. तुम्हाला टाळून जात नाहीये हो. आणि आई, तू लगेच मोदकाची पिठी काढायला बसू नकोस, गुडघा बघ आधी.

बाबा म्हणणार, आली आमची मवाळ. इलेक्शनच्या वेळी तुमच्या पक्षाचा तो फॉरवर्ड खोटा आहे म्हटलं तर तुम्ही दोन दिवस अबोला धरलात, आणि नंतर काकांनी टाकलेला व्हिडिओ जुना आहे म्हटलं तर काकांनी ग्रुपच सोडला. म्हणजे दोन्हीकडून मीच वाईट. मला मतं नाहीत असं नाही हं, कुणाला मत दिलं ते सांगितलं तर तुम्ही दोघंही भाऊ माझ्या हातचा चहा घेणार नाही.

दहावीला जहाल-मवाळ तुम्हीच शिकवलंत, ओट्यावर शेंगा सोलत. सुरतेचं काँग्रेस अधिवेशन, 1907, स्टेजवर आलेला पुणेरी जोडा, तुम्ही तो फेकायची ॲक्शन करायचात आणि मी हसून लोळायचे, टरफलं केसात. पण एक गोष्ट तुम्ही सांगितली नव्हतीत, मला फार उशिरा कळली. टिळक स्टेजवरून हलेनात, लोक अंगावर धावून आले, तेव्हा दोन्ही हात पसरून त्यांना वाचवायला उभे राहिले ते गोखले. ज्यांच्याशी एकाच कॉलेजात शिकवायचे तेव्हापासून वाजलेलं त्यांच्यासाठी! नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे होता, त्याने लिहून ठेवलंय. आणि म्हणून गोखले काही जहाल झाले नाहीत, भांडण होतं तिथेच राहिलं. (त्यांचं सगळंच मला पटतं असंही नाही, 1897 ला प्लेगच्या वेळी गोऱ्या सोल्जरांवर केलेले आरोप मागे घेऊन मागितलेली ती माफी मला अजून टोचते.)

"मवाळांनी मिळवलं काय?" हा तुमचा ठरलेला प्रश्न. 1911 ला गोखल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं बिल आणलं, पुढच्या वर्षी ते 38 विरुद्ध 13 नी पडलं. देशभर हक्काचा कायदा व्हायला 2009 उजाडलं. हरलेच की. पण बाबा, ऊसतोडीवाल्यांच्या खोपीतून पोरं सायकलवर बसवून तुम्ही झेडपीच्या शाळेत आणायचात, तेव्हा त्यांच्या आईबापाचा पक्ष विचारायचात का? मला ते सायकलवरचे बाबा जास्त आठवतात, टीव्हीसमोर चहा गार करून अँकरवर ओरडणारे नाही.

राग आला असेल तर सॉरी. पण बीपीची गोळी सकाळीच, "घेतली बहुतेक" चालणार नाही, आईने डबीत मोजायची. नऊनंतर डिबेट बंद म्हणजे बंद. आई, हॉट बॅगची वायर घासली गेलीय, ती वापरू नकोस, मी नवीन आणतेय.

काकांना फोन करा असं मी म्हणत नाहीये, साखरपुड्याला जे झालं ते मलाही माहितीय. फक्त आजोबांची समई तुमच्याकडे माळ्यावर आहे ना, ती पोत्यात गुंडाळून ठेवाल? चिंच लावून मीच घासेन. नसेल द्यायची तर राहू दे, मी विचारलंच नाही असं समजा.

तुमची,
चिमी