हॅलुसिजेनिया उलटा उभा केलायस

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तू केलेल्या हॅलुसिजेनियाच्या शाडूच्या प्रतिकृतीचा फोटो पाहिला. हात छान बसलाय, पण प्राणी काट्यांवर उभा आहे. जुनं चित्र समोर ठेवलेलं दिसतंय.

हा समुद्री प्राणी कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांच्या खडकातला, सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, जेमतेम १ ते ५ सेंटीमीटर लांब. जीवाश्मांचे अभ्यासक वॉलकॉट यांनी १९११ मध्ये त्याला समुद्री कृमी समजून कॅनाडिया प्रजातीत घातलं. १९७७ मध्ये दुसरे अभ्यासक कॉनवे मॉरिस यांनी हॅलुसिजेनिया हे नवं नाव दिलं आणि काट्यांचे पाय केले. त्यात वेडेपणा नव्हता. जीवाश्म म्हणजे दगडावर चेपलेला काळसर पापुद्रा. मऊ अवयवांची एकच रांग वर दिसत होती आणि एका रांगेवर कोण चालणार? काटे मात्र जोडीजोडीने होते. १९९१ मध्ये चीनमधले नातलग जीवाश्म पाहून राम्स्कोल्ड आणि हौ शियानग्वांग यांनी त्याला सुलटं केलं. पुढे राम्स्कोल्ड यांनी दगड टोकरला, तेव्हा पायांची दुसरी रांग खालीच दडलेली निघाली.

तू केलेलं गोल डोकंही काढ. तो चेपताना शरीरातून बाहेर आलेल्या द्रवाचा डाग. खरं डोकं दुसऱ्या टोकाला: २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिथे दोन डोळे आणि तोंडाभोवती दातांचं कडं दिसलं.

पाठीवर काट्यांच्या ७ जोड्या हव्यात. मानेजवळच्या अवयवांच्या ३ जोड्या बारीक, बिननख्यांच्या ठेव. शाडू वाळताना आकसतो, काट्यांसाठी खोवलेली काडी आकसत नाही, म्हणून काट्यांभोवती तडे गेलेत. ओल्या मातीत सुईने किंचित मोठी भोकं पाड आणि वाळल्यावर काटे डिंकाने बसव. पायांत तार घाल, नाहीतर धडाच्या वजनाने मोडतील.

नख्या टोपीत टोपी घातल्यासारख्या थरांच्या होत्या, अगदी आजच्या पेरिपॅटस या मऊ, बहुपायी प्राण्याच्या कुळासारख्या. हा पेरिपॅटस म्हणजेच तुझ्या दहावीच्या पुस्तकातला वलयी (गांडुळासारखे) आणि संधिपाद (कीटकांसारखे) प्राण्यांमधला दुवा. पण डीएनए पाहता तो कात टाकणाऱ्या प्राण्यांत, संधिपादांजवळ बसतो. गांडूळ त्या शाखेत नाहीच. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिही. त्याचा एक भाऊबंद अरुणाचलात सियांगच्या खोऱ्यात आहे, टायफ्लोपेरिपॅटस. पायांची ठेवण त्याच्या फोटोवरून घे.

तुझी,
आई