फळीला पाय ठोकले की टेबल होत नाही

रविवारच्या पुरवणीतल्या फर्निचरवरच्या लेखात झाडाची वेडीवाकडी कड तशीच ठेवलेल्या अखंड रुंद फळीच्या टेबलांना 'सुतारकाम' म्हणायलाच नकार दिलाय, ते अजिबात पटलं नाही. जपानी वंशाचा अमेरिकन फर्निचर कारागीर जॉर्ज नाकाशिमा याचं काम बघा ना. हा माणूस १९३०च्या दशकात पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीवर राबला, पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना डांबलं तेव्हा आयडाहोच्या मिनिडोका छावणीत एका जपानी सुताराच्या हाताखाली जोडकाम शिकला, आणि मग त्याने हीच टेबलं केली. त्यात फळीतली चीर पुढे वाढू नये म्हणून फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा खाचेत असा बसवतात की केसाएवढी फट राहत नाही. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात दार फुगतं तशी एवढी रुंद फळी पण हलते, त्यामुळे पाय घट्ट ठोकून चालतच नाही, तिला सरकायला जागा ठेवावी लागते. चिरांत नुसतं रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं प्लॅस्टिकसारखं द्रव्य) ओतून विकणारे आहेतच, त्यांना खुशाल नावं ठेवा. पण लेखकांनी एखाद्या चांगल्या टेबलाच्या खाली वाकून जोड बघावेत, ही मनापासून विनंती.

— एक वाचक, सांगली